ओळख विचारणाऱ्याचीही ओळख

मराठीतील ‘ओळख’ ह्या शब्दाला दोन अर्थ आहेत. एखादा मनुष्य कोण आहे हे ज्यावरून समजते ती त्याची ओळख. आणि दोन माणसांचा परस्परांशी जो परिचय असतो तीही ओळखच. पहिल्या अर्थाला एकटा माणूस पुरतो, दुसऱ्याला दोघे लागतात. शास्त्रीय मजकूर मराठीत आणणाऱ्याला शब्दांची अशी द्व्यर्थता पुष्कळदा अडचणीची वाटते. प्रस्तुत विषयात मात्र ती अडचण नसून वाट दाखविणारी खूण आहे, असे मला वाटते.

राष्ट्रीय इलेक्ट्रॉनिक ओळखपत्र आणि त्याच्या आधारे व्यापारी संस्थांनी दुरून करावयाची ग्राहकाची पडताळणी ह्यांविषयी जी चर्चा चालते, तिच्यात बहुधा पहिल्या अर्थाचाच विचार होतो. ग्राहक कोण, तो खरा की तोतया, एवढेच विचारले जाते. परंतु जो विचारतो तो कोण, त्याला विचारण्याचा अधिकार कोणी दिला, आणि किती विचारण्याचा दिला, हा प्रश्न मागे पडतो. हा दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे; त्याचे उत्तर केवळ कायद्याच्या कलमांनी नव्हे, तर यंत्राच्या रचनेनेही देता येते; आणि आपल्या देशातील व्यवस्थेने ते उत्तर स्वीकारावे, हे ह्या पुस्तिकेत मांडावयाचे आहे.

एकाच वर्षातील दोन आरंभ

२०१० साली सुमारे पाच आठवड्यांच्या अंतराने दोन देशांत दोन मोठ्या योजना सुरू झाल्या. २९ सप्टेंबर रोजी महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली ह्या गावी पहिला आधार क्रमांक देण्यात आला. १ नोव्हेंबर रोजी जर्मनीने आपले नवे ओळखपत्र प्रचारात आणले. दोहोंचा हेतू एकच होता: माणसाला आपण कोण आहोत हे यंत्राच्या साहाय्याने सिद्ध करता यावे. पण दोहोंची घडण अगदी वेगळी आहे.

आधार हा मूलतः एक क्रमांक आहे. त्याचे बारा अंक माणसाचे वय, लिंग वा प्रांत ह्यांपैकी काहीच सांगत नाहीत. शेवटचा अंक तपासणीचा असतो. डच गणिती व्हेरहोफ ह्यांनी १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या रीतीने तो काढतात. त्यामुळे एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट लिहिले गेले, तर ती चूक तत्काळ ध्यानात येते. ह्या क्रमांकाचा धारक तोच आहे की नाही, ह्याचा निर्णय मात्र मध्यवर्ती भांडारात होतो. बोटांचे ठसे, डोळ्यांतील बुबुळ, चेहरा किंवा मोबाईलवर आलेला संकेतांक तेथे पाठविला जातो, जुळवून पाहिला जातो आणि ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर येते.

जर्मन ओळखपत्राची रचना ह्याच्या उलट आहे. तेथे पुरावा धारकाच्या खिशात असतो. बँकेच्या कार्डाएवढ्या त्या पत्रात एक लहानशी चिप बसविलेली असून, वाचकयंत्र किंवा योग्य प्रकारचा मोबाईल अगदी जवळ धरला म्हणजे ती काम करू लागते. दुकानाशी वा बँकेशी जे काही बोलावयाचे ते ही चिप धारकाच्या संमतीने बोलते.

नाव वेगळे, किल्ली वेगळी

ह्या संभाषणाकडे वळण्यापूर्वी एक भेद स्पष्ट केला पाहिजे. क्रमांक हे एक प्रकारचे नाव आहे. नावाचे काम एकाला दुसऱ्यापासून वेगळे दाखविण्याचे; आणि जे चारचौघांत उच्चारावे लागते ते गुप्त राहू शकत नाही. म्हणून कोणाचा क्रमांक ठाऊक असणे हा आपण तो मनुष्य असल्याचा पुरावा होऊ शकत नाही. ओळखपत्राची झेरॉक्स प्रत हे तर नावाचे नुसते चित्र होय. ती जिच्या हाती पडेल त्या व्यक्तीला ती सारखीच उपयोगी पडते. प्रत दाखविणारा मनुष्य मूळ धारकच आहे, असे तिच्यातील कोणतीही रेषा सांगू शकत नाही.

पुरावा व्हावयास अशी वस्तू हवी की, जी आपल्याजवळ आहे हे दुसऱ्याला पटविता येते, पण पटविताना ती त्याच्या हाती द्यावी लागत नाही. हे ऐकावयास कोड्यासारखे वाटते. परंतु १९७६ साली डिफी आणि हेलमन ह्या अमेरिकन संशोधकांनी जी कल्पना प्रसिद्ध केली, तिने हे कोडे सोडविले. गणितात अशी काही कृत्ये आहेत की, जी एका दिशेने सोपी आणि उलट दिशेने फार कठीण असतात. ७९ आणि ८३ ह्यांचा गुणाकार ६५५७ हे शाळकरी मूल कागदावर सांगेल. पण ६५५७ ही संख्या कोणत्या दोन संख्यांच्या गुणाकाराने झाली, असे विचारल्यास त्याला बराच वेळ खटपट करावी लागेल. हीच संख्या शेकडो अंकांची असली, तर आजचे मोठमोठे संगणकही हात टेकतात. अशा एकमार्गी गणितावर किल्ल्यांची जोडी तयार करतात. एक किल्ली गुप्त, दुसरी जाहीर. गुप्त किल्लीने केलेली सही जाहीर किल्लीने कोणीही तपासू शकतो. पण जाहीर किल्लीवरून गुप्त किल्ली काढता येत नाही. जर्मन कार्डातील किल्ल्या दुसऱ्या एका प्रकारच्या गणितावर बसविलेल्या आहेत, परंतु तत्त्व हेच.

चिप आणि दुकान ह्यांचे संभाषण

समजा, एखाद्या जर्मन नागरिकाला घरबसल्या बँकेत खाते उघडावयाचे आहे. प्रथम त्याच्या पडद्यावर बँकेचे अधिकारपत्र दिसते. मागणारी संस्था कोणती, तिचा हेतू कोणता, आणि तिला कार्डातील कोणकोणत्या रकान्यांची माहिती हवी आहे, हे त्यावर लिहिलेले असते. हे अधिकारपत्र बँकेने स्वतः तयार केलेले नसते. त्यासाठी तिला आधी सरकारी प्रशासकीय कार्यालयाकडे अर्ज करावा लागतो आणि आपल्या धंद्याला कोणती माहिती कशासाठी लागते हे सांगावे लागते. मंजुरी मिळाली तरच तिला अल्प मुदतीची इलेक्ट्रॉनिक अधिकारपत्रे मिळतात, आणि मंजूर रकान्यांपलीकडे तिला जाता येत नाही.

नागरिकाला हे सारे मान्य असेल तर तो आपला सहा अंकी पिन दाबतो. सहा अंकांच्या संख्या दहा लाख होतात. संगणकाला त्या एकामागून एक आजमावून पाहणे मुळीच कठीण नाही. म्हणून दोन वेळा चूक झाल्यावर तिसऱ्या प्रयत्नासाठी कार्डावर छापलेला दुसरा एक अंक मागितला जातो, आणि तिसरी चूक झाली की पिन बंद पडतो. चोराजवळ नुसते कार्ड असून भागत नाही, आणि नुसता पिन कळूनही भागत नाही.

ह्यानंतर जे घडते ते ह्या रचनेचे मर्म होय. कार्ड आपली माहिती देण्यापूर्वी बँकेची परीक्षा घेते. चिप एक यदृच्छया निवडलेली संख्या बँकेकडे पाठविते. बँक आपल्या गुप्त किल्लीने तिच्यावर सही करून ती परत करते. आणि चिप ती सही व अधिकारपत्र तपासून पाहते. अधिकारपत्रावर सही करणारा कोण, त्याला अधिकार देणारा कोण, अशी साखळी थेट शासनाच्या मूळ किल्लीपर्यंत जाते. ही मूळ जाहीर किल्ली कार्ड तयार करतानाच चिपमध्ये ठेवलेली असते. चिपजवळ घड्याळ नाही. मग अधिकारपत्राची मुदत संपली की नाही हे तिला कसे कळावे? त्यासाठी आपल्यासमोर आलेल्या खऱ्या अधिकारपत्रांवरील सर्वांत अलीकडची तारीख ती स्मरणात ठेवते, आणि त्याहून जुनी मुदत असलेले पत्र नाकारते.

बँक परीक्षेत उतरली म्हणजे चिप आपला खरेपणा सिद्ध करते, आणि मंजूर रकान्यांतील माहिती गुप्त लिपीत पाठविते. येणेप्रमाणे ओळख दोन्ही बाजूंनी होते. मराठी शब्दाचा दुसरा अर्थ येथे यंत्रात उतरला आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

ह्याच चिपची आणखी दोन कामे सांगण्याजोगी आहेत. केवळ प्रौढांना विकावयाची वस्तू असेल, तर दुकानदाराला ग्राहकाची जन्मतारीख कळण्याचे काही कारण नाही. म्हणून दुकानाकडून एक तारीख पाठविली जाते; चिप ती आपल्याजवळील जन्मतारखेशी ताडून पाहते आणि ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगते. दुसरे काम टोपणनावाचे. एखाद्या संस्थेला ग्राहक कोण हे कळण्याची गरज नसते. कालचाच ग्राहक आज आला आहे, एवढे कळले तरी पुरते. अशा वेळी चिप आपली गुप्त संख्या आणि त्या संस्थेची खूण ह्यांच्या मिश्रणातून एक वेगळेच चिन्ह तयार करते. त्या संस्थेला ते प्रत्येक वेळी सारखेच दिसते, पण दुसऱ्या संस्थेला निराळे दिसते. दोन दुकानदारांनी आपल्या वह्या शेजारी ठेवल्या तरी तेवढ्यावरून दोहोंतील ग्राहक एकच आहे हे त्यांना जुळविता येत नाही.

अशी रचना करण्याची बुद्धी आकाशातून पडली नाही. १९८३ च्या डिसेंबरात जनगणनेसंबंधीच्या एका खटल्यात जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने असा निर्णय दिला होता की, आपली माहिती कोणाला द्यावी आणि ती कशासाठी वापरली जावी हे ठरविण्याचा अधिकार व्यक्तीचा आहे. त्या निर्णयामागील विचार पुढे यंत्राच्या घडणीत उतरला.

आक्षेपांचा विचार

एवढ्यावरून जर्मन व्यवस्था सर्वतोपरी यशस्वी झाली असे समजणे चुकीचे होईल. पहिली कित्येक वर्षे तिचा वापर फारच थोडा झाला. हे कार्य चालू ठेवावयाचे की नाही हे आरंभी धारकाच्या इच्छेवर होते, आणि पुष्कळांनी ते बंदच ठेवले. २०१७ च्या कायद्याने ते नव्या कार्डांत मुळातच चालू ठेवण्यात येऊ लागले. वेगळे वाचकयंत्र विकत घ्यावे लागे. क्वचित लागणारा पिन लोक विसरून जात. छोट्या व्यापाऱ्याला अधिकारपत्राची खटपट आणि खर्च नकोसा वाटे. २०१० सालीच तज्ज्ञांनी असेही दाखवून दिले की, अंकफलक नसलेले साधे वाचकयंत्र वापरणाऱ्याचा संगणक दूषित असेल तर पिन चोरला जाऊ शकतो. कडेकोट व्यवस्था लोकांच्या हातात बसली नाही तर ती कपाटातच राहते, हा धडा घेण्याजोगा आहे.

तथापि सोपा मार्ग धरल्याने काय झाले तेही पाहिले पाहिजे. चिपऐवजी पुष्कळ संस्थांनी ग्राहकाला कॅमेऱ्यासमोर बसवून ओळखपत्र हातात धरावयास सांगण्याची पद्धत पत्करली. ह्यात चिपला काहीच काम नाही; पाहणारा केवळ चित्र पाहतो. २०२२ च्या ऑगस्टमध्ये ‘केऑस कॉम्प्युटर क्लब’ ह्या जर्मन मंडळाने ही पद्धत साध्या साधनांनी फसविता येते हे दाखविले, आणि आरोग्यक्षेत्रातील इलेक्ट्रॉनिक व्यवस्था पाहणाऱ्या ‘गेमाटिक’ ह्या संस्थेने आरोग्य विमा संस्थांना तिचा वापर थांबविण्यास सांगितले. चित्र ते चित्रच. ते कागदावर असो की पडद्यावर.

आपल्याकडील प्रश्न

आता आपल्या देशाकडे वळू. आधारच्या रचनेतही ‘होय किंवा नाही’ एवढेच उत्तर देण्याची सोय पहिल्यापासून आहे, ही तिची जमेची बाजू होय. कायद्यानेही मर्यादा घातल्या आहेत. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सांगितले. २६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाने आधार योजना बहुतांशी कायम ठेवली; पण खाजगी संस्थांना आधारची पडताळणी करू देणारा २०१६ च्या अधिनियमाच्या ५७ व्या कलमातील भाग रद्द ठरविला. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने बँका व दूरध्वनी कंपन्या ह्यांना ग्राहकाच्या स्वेच्छेने पडताळणी करण्याची वाट मिळाली. ३१ जानेवारी २०२५ रोजी नियमांत आणखी बदल होऊन, मंत्रालयाकडे हेतू सांगून प्रस्ताव मांडणाऱ्या इतर खाजगी संस्थांसाठीही ती मोकळी करण्यात आली.

हेतू सांगून परवानगी घेणे हे तत्त्व जर्मन अधिकारपत्राच्या जवळचे आहे, आणि ते योग्यच आहे. पण एक मोठा फरक राहतो. आपल्याकडे परवानगी कार्यालयाच्या दप्तरात असते. समोर ठशाचे यंत्र घेऊन बसलेल्या माणसाला ती आहे की नाही, आणि असल्यास कोणत्या कामापुरती, हे नागरिकाला स्वतः तपासता येत नाही. तो विश्वासाने बोट ठेवतो. पिन उघडा पडला तर बदलता येतो. बोट बदलता येत नाही. आणि ज्यांचे ठसे कष्टाच्या कामाने झिजलेले असतात त्यांचे खरे बोटही यंत्राला कधी कधी पटत नाही.

ह्याहून मोठी गोष्ट म्हणजे आपली रोजची रीत. यंत्र कितीही हुशार असो, हॉटेलात खोली घेताना, भाड्याचे घर पाहताना, क्लासला नाव घालताना ‘आधारची झेरॉक्स द्या’ हेच वाक्य ऐकू येते. ती प्रत कोणत्या खणात पडते, किती वर्षे पडून राहते आणि शेवटी कोणत्या रद्दीत जाते, हे देणाऱ्याला कधीच कळत नाही. २०२२ च्या मे महिन्यात प्राधिकरणाच्या बंगळूर येथील कार्यालयाने अशा प्रती कोणालाही देऊ नयेत, असा सल्ला दिला. त्याचा विपर्यास होईल असे सांगून दोनच दिवसांत तो मागे घेण्यात आला आणि नागरिकांनी नेहमीचा विवेक बाळगावा, एवढे सांगण्यात आले. परंतु माझ्या मते सारा भार नागरिकाच्या विवेकावर टाकणे न्याय्य नाही. ज्याला खोली, नोकरी किंवा घर हवे आहे तो मागणाऱ्याशी वाद घालू शकत नाही. विवेकाची अपेक्षा मागणाऱ्याकडून प्रथम केली पाहिजे, आणि ती यंत्राने व नियमाने पक्की केली पाहिजे.

त्यासाठी तीन गोष्टी व्हाव्यात. पहिली, पडताळणी करणाऱ्या प्रत्येक संस्थेचे नाव, हेतू आणि मागितलेली माहिती ही नागरिकाच्या हातातील साधनावर, त्याने संमती देण्यापूर्वी, त्याच्या भाषेत दिसावी. आणि परवानगी नसलेल्या संस्थेला त्या साधनानेच नकार द्यावा. दुसरी, जेथे ‘होय किंवा नाही’ पुरते तेथे त्याहून अधिक मागणे हा नियमभंग समजला जावा. निवडक माहितीच दाखविण्याची सोय प्राधिकरणाच्या २०२५ मधील नव्या मोबाईल ॲपमध्ये आली आहे, हे स्वागतार्ह आहे. परंतु जी सोय नागरिकाने हट्ट धरल्याशिवाय वापरली जात नाही, ती सोय अपुरी आहे. तिसरी, ज्याच्याजवळ मोबाईल नाही त्याला कागदाचा मार्ग उघडा राहावा. आधारपत्रावरील क्यूआर कोडात प्राधिकरणाची इलेक्ट्रॉनिक सही असते. ती तपासली म्हणजे त्यातील मजकूर बदललेला नाही हे इंटरनेटशिवायही कळते; मग प्रत ठेवून घेण्याचे प्रयोजन उरत नाही.

ह्यावर असे म्हटले जाईल की, शंभर कोटींहून अधिक लोकांच्या देशात जर्मनीसारखी काटेकोर व्यवस्था परवडणार नाही. मला ही शंका उलट दिशेची वाटते. जेथे माणसे अधिक, शिक्षण कमी-अधिक आणि तक्रार करावयाची शक्ती अनेकांजवळ नाही, तेथेच मर्यादा माणसांच्या भलेपणावर न सोडता यंत्रात बसविणे अधिक आवश्यक आहे. प्रत्येकाच्या हाती नवे कार्ड देणे हाच त्याचा एकमेव मार्ग नाही. तत्त्व घ्यावे, साधन आपल्या परिस्थितीला जुळेल ते निवडावे.

शाळा आणि वाचनालये ह्यांना विनंती

ही पुस्तिका ज्यांच्या कपाटात जाईल त्या शाळा आणि वाचनालये ह्यांनाही ह्या विषयात करण्यासारखे काही आहे. कारण तीही ओळख विचारणारी स्थाने आहेत. शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचे करता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या त्याच निर्णयात सांगितले आहे. वाचनालयाला सभासदाचा पत्ता लागतो, कारण पुस्तक परत यावयाचे असते. त्यासाठी पत्त्याचा कोणताही पुरावा पाहावा, वहीत ‘पाहिला’ अशी नोंद करावी, आणि कागद परत द्यावा. पुस्तक परत येण्यास झेरॉक्स प्रतीने कोणतेच साहाय्य होत नाही. ज्या जुन्या प्रती खणांत साठल्या आहेत त्या फाडून नष्ट कराव्यात. त्या रद्दीवाल्याला देऊ नयेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या अधिनियमानेही इलेक्ट्रॉनिक स्वरूपात माहिती घेणाऱ्यावर, ती कशासाठी घेतली हे सांगण्याची आणि ते काम संपल्यावर ती पुसण्याची जबाबदारी टाकली आहे. कागदाच्या बाबतीत तीच शिस्त आपण होऊन पाळण्यास कोणत्याही अधिनियमाची वाट पाहावयास नको.

विज्ञानाच्या तासाला गुणाकाराचे कोडे आणि किल्ल्यांची जोडी मुलांना अवश्य शिकवावी. त्याबरोबरच एक छोटा प्रश्न विचारण्याची सवयही लावावी. कोणी ओळखपत्र मागितले तर नम्रपणे विचारावे: ‘आपण कोण, आणि आपल्याला ह्यातले नेमके काय पाहावयाचे आहे?’ ह्या प्रश्नात उद्धटपणा नाही. जर्मन नागरिकाच्या खिशातील चिप हाच प्रश्न प्रत्येक वेळी, प्रत्येक संस्थेला विचारते, आणि समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत गप्प बसते.